जळगाव ते कोल्हापूर: हवेतलं अंतर ४९८ किलोमीटर, मग वेळ किती?

प्रश्न असा आला आहे: "माझं माहेर जळगाव, सासर कोल्हापूर. आई सत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी बेजार. गाडीतला बारा-तेरा तासांचा प्रवास तिला आता झेपत नाही. दोन्ही गावांना विमानतळ आहेत म्हणून इंटरनेटवर शोधलं. एक साइट अंतर ४९८ किलोमीटर सांगते, दुसरी ४९६. वेळ एका ठिकाणी ३७ मिनिटं, दुसऱ्या ठिकाणी १ तास ७ मिनिटं, आणि तिकिटाच्या साइटवर साडेसहा तास! नक्की काय धरून चालायचं?"

ताई, अंतराचे तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. वेळेच्या तिन्हींपैकी पहिले दोन कोणतंही विमान डोळ्यांसमोर न ठेवता काढलेले आहेत. तिसरा खरा आहे, पण तो जळगाव ते कोल्हापूर या रेषेचा नाहीच. मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचचं काम करत आलो. मार्ग कोणता, इंधन किती, वजन किती, हवामान बिघडलं तर उतरायचं कुठे, याचा आराखडा उड्डाणाआधी करून कॅप्टनपुढे ठेवणं हे आमचं रोजचं काम. म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटला. लहान विमानतळांच्या बाबतीत लोक अंतर पाहून वेळेचा अंदाज बांधतात आणि तिथेच फसतात. अशा प्रवासात हवेतलं अंतर हा वेळेचा सगळ्यात लहान भाग असतो. बाकीचा वेळ जमिनीवर जातो.

आधी अंतराचा हिशेब उरकू. तो कागद-पेन्सिलनं घरी करता येतो. जळगावचा विमानतळ कुसुंब्याजवळ आहे, साधारण २०.९६ अंश उत्तर आणि ७५.६३ अंश पूर्व. कोल्हापूरचा उजळाईवाडीला, १६.६६ उत्तर आणि ७४.२९ पूर्व. अक्षांशांतला फरक ४.३० अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २५८ नॉटिकल मैल. रेखांशांतला फरक १.३४ अंश. पण रेखांश उत्तरेकडे जाताना एकमेकांजवळ येतात, म्हणून ६० नं गुणून आलेल्या ८०.४ ला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे १८.८ अंशांच्या, कोसाइननं गुणायचं. तो ०.९४७ येतो. पूर्व-पश्चिम अंतर झालं ७६ नॉटिकल मैल. आता शाळेतला पायथागोरस: २५८ चा वर्ग अधिक ७६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २६९. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे ४९८ किलोमीटर.

मग ४९६ कुठून आले? पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. आपल्या अक्षांशांवर एक अंश अक्षांश १११ किलोमीटरपेक्षा थोडा कमी, ११०.७ च्या आसपास भरतो. जीपीएस पृथ्वीचा जो आकार धरतं तो हाच, आणि त्या हिशेबानं ४९६ येतात. एका साइटनं गोल पृथ्वी घेतली, दुसरीनं चपटी. दोन किलोमीटर म्हणजे विमानाला पंधरा सेकंदसुद्धा नाहीत, तेव्हा तो वाद इथेच सोडू. लांबच्या प्रवासात नकाशावरची सरळ रेषा आणि पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सगळ्यात जवळची वाट यांत पुष्कळ अंतर पडतं. पाचशे किलोमीटरच्या टप्प्यात तो फरक हिशेबात धरण्याजोगा नसतो.

ही रेषा जमिनीवर कुठून जाते ते बघायला मला स्वतःला फार आवडतं. जळगाव सोडलं की ती दक्षिणेकडे, जराशी पश्चिमेला कलून निघते, दिशा साधारण १९६ अंश. अजिंठा डाव्या हाताला राहतो, वेरूळ उजव्या हाताला. छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिम कडेवरून ती पुढे जाते, अहिल्यानगर शहर पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर सोडते, आणि उजनीच्या फुगवट्यावर थेट भिगवणच्या अंगावरून जाते. पुढे माणदेश, मग विटा, आणि कृष्णाकाठ ओलांडून कोल्हापूर. रस्त्यानं हाच प्रवास संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, सातारा असा सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास होतो. म्हणजे रस्ता हवेतल्या अंतराच्या सव्वापट. घाट आणि वळणं असलेल्या प्रदेशात हे प्रमाण याहून वाईट असतं. इथे ते बरंच बरं आहे.

विमान मात्र या रेषेवरून जसंच्या तसं जात नाही. मार्ग ठरलेल्या बिंदूंमधून जातो. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे आणि त्याच्या आसपासचं आकाश त्यांच्या सरावासाठीही लागतं. अहिल्यानगरजवळ लष्कराची केके रेंज आहे. अशा सरावक्षेत्रांवरचं आकाश ठरावीक उंचीपर्यंत राखलेलं असतं. त्यातून जायला मिळेल की वळसा पडेल हे त्या त्या दिवशीच्या सूचना वाचून ठरतं. आराखडा करताना अशा लहान टप्प्याला मी सरळ अंतरावर चार-पाच टक्के चढवून धरतो. २६९ चे २८० नॉटिकल मैल झाले असं माना.

आता वेळ. ३७ मिनिटं कशी आली ते ओळखणं सोपं आहे. कोणीतरी ४९८ किलोमीटरला ताशी ८०५ किलोमीटरनं, म्हणजे ताशी ५०० मैलांनी, भागलं आहे. हा मोठ्या जेट विमानाचा उंचावरचा वेग झाला. १ तास ७ मिनिटं म्हणजे त्याच ३७ मिनिटांत चढणं-उतरणं आणि टॅक्सीसाठी, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेण्यासाठी, ठोक अर्धा तास मिळवला. दिल्ली–चेन्नई अशा मार्गाला हा ठोकताळा बरा चालतो. जळगाव–कोल्हापूरला चालत नाही, कारण त्यात विमानच चुकीचं धरलं आहे.

जळगावची धावपट्टी १७०० मीटर लांब आहे. शे-दीडशे प्रवाशांची जेट तिथे नियमितपणे आणता येत नाहीत. अशा ठिकाणचं हक्काचं विमान म्हणजे एटीआर ७२, दोन पंख्यांचं, सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसनांचं. ते सपाट उड्डाणात साधारण २७० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वेगानं जातं. ४९८ किलोमीटरला ५०० नं भागलं की तास होतो, असं आता तुमच्या मनात येईल. तेही पुरं नाही.

जळगावहून विमान उठलं की सोळा हजार फुटांवर चढायला पंधरा मिनिटं धरा. चढताना पुढचा वेग कमी असतो, तेवढ्या वेळात पन्नासेक नॉटिकल मैल कापले जातात. कोल्हापूरच्या अलीकडे साधारण पंचेचाळीस नॉटिकल मैलांवर उतार सुरू करायचा, त्याला अकरा-बारा मिनिटं. मधले १८५ नॉटिकल मैल २७० च्या वेगानं, म्हणजे ४१ मिनिटं. शेवटी धावपट्टीच्या रेषेत येऊन, चाकं सोडून, वेग उतरवून टेकायला आणखी पाचेक मिनिटं. हवेतला वेळ झाला १ तास १२ मिनिटांच्या आसपास. त्यातला अर्ध्या तासाहून अधिक वेळ विमान पूर्ण वेगात नसतंच.

विमान कंपनी तिकिटावर छापते तो वेळ याहूनही वेगळा असतो. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून पलीकडे उभं राहिलं तिथपर्यंत. लहान विमानतळावर जागा जवळ असते म्हणून हा भाग नगण्य वाटेल, पण तसं नसतं. समांतर टॅक्सी-वे सहसा नसतो. विमानाला धावपट्टीवरूनच उलट दिशेनं टोकापर्यंत चालत जावं लागतं, तिथल्या रुंद जागेत पूर्ण वळायचं आणि मग धाव घ्यायची. उतरतानाही कित्येकदा तसंच परतावं लागतं. त्यात तीन-चार मिनिटं जातात आणि तेवढा वेळ धावपट्टी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दोन्हीकडचं धरून आठ-नऊ मिनिटं मिळवा. थेट एटीआर असतं तर वेळापत्रकात १ तास २० ते २५ मिनिटं छापली गेली असती. तुमच्या प्रश्नाचा, ३७ मिनिटांच्या जागी ठेवायचा, खरा आकडा हा.

जेट असतं तर? धावपट्टीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवून पन्नास ते पाऊणशे आसनांचं एम्ब्रेयर धरू. त्याचा वेग एटीआरच्या दीडपटीहून जास्त. पण ते तीस-पस्तीस हजार फुटांवर चढेपर्यंत निम्म्याच्या आसपास वाट काढायची राहते आणि लगेच उताराची वेळ येते. त्याचा ब्लॉक टाइम तासाच्या आसपास येतो. दीडपट वेग, आणि वाचली वीस-पंचवीस मिनिटं. दुसरं उदाहरण नांदेड–हैदराबादचं घ्या. लहान शहरं विमानानं जोडण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली, त्यांत शिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबादबरोबर हाही मार्ग होता. हवेतलं अंतर २४६ किलोमीटर, म्हणजे तुमच्या मार्गाच्या निम्मं. पण एटीआरला तिथे पंचावन्न मिनिटं ते तास लागतोच. अंतर निम्मं झालं तरी चढणं, उतरणं आणि टॅक्सी निम्मी होत नाही.

याच उडान योजनेत सुमारे पाचशे किलोमीटर किंवा तासाभराच्या विमानप्रवासाला २५०० रुपयांच्या आसपास भाड्याची मर्यादा ठरवली होती, ठरावीक आसनांसाठी. जळगाव–कोल्हापूर हे अंतर त्या चौकटीत जणू मापून बसतं. म्हणूनच अशा जोड्या पुन्हा पुन्हा चर्चेत येतात. पण योजनेत अंतर बसणं आणि रोज सत्तर माणसं मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जळगावला उडानमधलं पहिलं विमान डिसेंबर २०१७ मध्ये आलं, एअर डेक्कनचं, मुंबईहून, अठरा आसनांचं बीचक्राफ्ट. नंतर २०१९ मध्ये ट्रूजेटची एटीआर मुंबईहून जळगावलाही जायची आणि कोल्हापूरलाही. ती कंपनी पुढे बंद पडली. २०२४ मध्ये फ्लाय९१ नं जळगाव गोवा, हैदराबाद आणि पुण्याशी जोडलं. कोल्हापूरचा विमानतळ तर १९३९ चा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, आणि मार्च २०२४ मध्ये तिथे नवं टर्मिनल सुरू झालं. सोयी वाढताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण दोन्ही गावांची विमानं मोठ्या शहरांकडे जातात, एकमेकांकडे नाही, आणि तुमच्या साडेसहा तासांचं मूळ तिथे आहे.

त्याकडे वळण्याआधी वारा आणि हवामानाचं थोडं सांगतो, कारण कोणत्या महिन्यात आईला आणायचं हे त्यावर ठरवावं.

वारा या मार्गावर फार त्रास देत नाही. हिवाळ्यात त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि तुमचा मार्ग जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे वारा बाजूनं लागतो. तीस नॉटचा पश्चिमी वारा असला तरी जळगावहून येताना समोरून त्यातले आठच नॉट लागतात, जाताना तेवढीच मदत होते. जाण्या-येण्यात दोन-चार मिनिटांचाच फरक पडतो. उंचीसुद्धा येता-जाता वेगळी मिळते: पश्चिमेकडे कललेल्या दिशेला सम हजार, पूर्वेकडे कललेल्या दिशेला विषम. म्हणून कोल्हापूरकडे येताना सोळा हजार फूट, परतताना सतरा हजार, असं काहीतरी.

जमिनीजवळचा वारा मात्र पाच-सहा मिनिटं इकडची तिकडे करतो. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे एका बाजूनं ७० अंशांकडे आणि दुसऱ्या बाजूनं २५० अंशांकडे तोंड. पश्चिमेचा वारा असेल तर विमान ईशान्येकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतं. जळगावहून येणारं विमान त्याच अंगानं येतं, त्याला थोडंसं वळलं की झालं. वारा पूर्वेचा असला तर कोल्हापूर ओलांडून पलीकडे जाऊन वळून यावं लागतं. खिडकीतून शहर दिसत असतं, विमान त्याच्यावरून पुढे निघून जातं, आणि प्रवाशांना वाटतं काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. विमानाला वाऱ्याकडे तोंड करूनच टेकायचं असतं.

मे महिना जळगावला कठीण. दुपारी पारा ४४ च्या घरात गेला की हवा विरळ होते, इतकी की समुद्रसपाटीपासून साडेआठशे फुटांवरची ती धावपट्टी विमानाला चार-साडेचार हजार फुटांवर असल्यासारखी वागते. इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. धावपट्टीची लांबी तेवढीच असते, मग वजनाला हात घालावा लागतो. कधी सामान मागे राहतं, कधी काही आसनं रिकामी ठेवावी लागतात. म्हणून उन्हाळ्यात अशा ठिकाणची सकाळची विमानं चांगली.

पावसाळा कोल्हापूरला कठीण. जुलैत ढगांचा तळ खाली येतो आणि पाऊस दिवसच्या दिवस धरून बसतो. कॅप्टनला ठरलेल्या उंचीपर्यंत उतरून धावपट्टी दिसली नाही तर वर उठावंच लागतं, तिथे मनाची तडजोड चालत नाही. म्हणून इंधन भरताना कोल्हापूरला पोचण्यापुरतं इंधन घेऊन कोणी निघत नाही. वाटेतल्या फेरफाराचा भाग, मग पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव. कोल्हापूरला पर्याय म्हणून बेळगाव सोयीचं पडतं, हवेतून शंभर किलोमीटरच्याही आत. जळगावला संभाजीनगर, सव्वाशेच्या आत. कधी विमान बेळगावला उतरलंच तर घाबरू नका. ते आधीच ठरलेलं असतं आणि आराखड्यात लिहिलेलं असतं.

आता साडेसहा तास. थेट विमान नाही म्हणून तिकिटाची साइट तुम्हाला मुंबईमार्गे नेते. जळगाव–मुंबई हवेतून ३५५ किलोमीटर, मुंबई–कोल्हापूर ३०८. बेरीज ६६३, म्हणजे सरळ रेषेपेक्षा १६५ किलोमीटर जास्त. वाढलेल्या अंतराची किंमत एटीआरला फार तर वीस-पंचवीस मिनिटं. दुसऱ्यांदा चढण्या-उतरण्याची आणखी अर्धा तास. मुंबईला एका वेळी एकच धावपट्टी वापरात असते. गर्दीच्या वेळी लहान विमानालाही रांगेत थांबावं लागतं, कधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, म्हणून कंपन्या मुंबईच्या वेळापत्रकात आधीच काही मिनिटं जास्त धरतात. हे सगळं धरूनही दोन्ही टप्प्यांचा ब्लॉक टाइम मिळून अडीच तास. उरलेले चार तास मुंबईच्या टर्मिनलवर खुर्चीत बसून काढायचे. हैदराबादमार्गे गेलात तर अंतर साडेनऊशे किलोमीटर होतं, जवळजवळ दुप्पट, तरी एकूण वेळ मुंबईइतकाच किंवा कमीही निघू शकतो, कारण सगळं दुसरं विमान किती वाजता आहे यावर आहे. म्हणून मार्ग निवडताना नकाशा मिटून ठेवा आणि मधल्या थांब्याचे तास बघा.

हे तास कमी करणं कंपनीच्याही पूर्ण हातात नसतं. लहान विमानतळांवर हवाई वाहतूक नियंत्रणाची वेळ ठरलेली असते. त्या वेळेबाहेर विमान उतरवता येत नाही, मुद्दाम वाढवून घ्यावी लागते. एकच एटीआर दिवसभरात पाच-सहा टप्पे करतं. सकाळी कुठेतरी धुक्यानं चाळीस मिनिटं गेली की ती संध्याकाळपर्यंत पुढे पुढे सरकत राहतात. आणि संध्याकाळच्या टप्प्याला नियंत्रणाची वेळ संपत आली असेल, तर उशिराचं रूपांतर थेट रद्द होण्यात होतं. मुंबई–दिल्लीचं विमान चुकलं तर तासाभरात दुसरं असतं. कोल्हापूरचं चुकलं तर कदाचित उद्या, आणि आठवड्यातून काहीच दिवस असलेलं विमान असेल तर परवा.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडू. मुंबईमार्गे: जळगावला दीड तास आधी पोचणं, कारण काउंटर उड्डाणाच्या पाऊण ते एक तास आधी बंद होतो, मग साडेसहा तास, मग कोल्हापूरला सामान घेऊन घरी जायला तास. एकूण नऊ. दुसरी वाट, जळगाव–पुणे विमानानं आणि पुढे गाडीनं: हवेतलं अंतर ३१९ किलोमीटर, ब्लॉक टाइम सव्वा तासाच्या आत-बाहेर, आधीचा दीड तास, पुण्यात सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास, आणि रस्त्याचे साडेचार-पाच तास. सातारा–कागल सहापदरीकरणाच्या कामानं हा रस्ता किती अडतो ते तुम्ही कोल्हापूरकर माझ्याहून चांगलं जाणता. एकूण आठ ते साडेआठ. तिसरी वाट महाराष्ट्र एक्सप्रेसची, उलट्या दिशेनं बघायचं तर ती दुपारी कोल्हापूरहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला. तास सगळ्यात जास्त, पण खालचा बर्थ मिळाला तर आईला आडवं होता येतं, आणि कुठेही बदलावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला एकूण तासांपेक्षा सलग बसणं आणि चढ-उतार जास्त त्रास देतात. पुण्याची वाट घड्याळात जिंकते, पण तिच्यात पाच तास गाडीत पाय दुमडून बसणं आहे, म्हणजे ज्यासाठी विमान निवडलं तोच त्रास पुन्हा. आईसाठी मी मुंबईमार्गे जाईन, पण दोन अटींवर. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवेत. मग पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि सामानही जळगावलाच कोल्हापूरपर्यंतचं टॅग होतं. वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्त तिकिटं जोडून घेतली की मधल्या चार तासांचा धोका पूर्ण तुमचा. दुसरी अट, कोल्हापूरचं विमान त्या दिवसातलं शेवटचं नसावं. तेच एकमेव असेल तर मुंबईत कोणाकडे रात्र काढायची सोय आधी विचारून ठेवा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा. त्यातही पहाटेच्या विमानापेक्षा दहानंतरचं बरं, धुकं तोवर निवळतं. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ऑक्टोबरनंतरचं तिकीट सप्टेंबरात काढाल तर ते विमान हिवाळी वेळापत्रकात टिकलं आहे का, हे नोव्हेंबर लागताच पुन्हा तपासा. लहान मार्ग याच दोन तारखांना गुपचूप बंद होतात किंवा दिवस बदलतात.

आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, दोन्ही टप्प्यांसाठी, निदान दोन दिवस आधी फोन करून खात्री करा. एटीआरचं प्रवाशांचं दार शेपटीकडे असतं आणि त्यालाच जोडून पाच-सहा पायऱ्यांची शिडी असते, मोठ्या विमानासारखा उंच जिना नसतो. तरी त्या पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत. आईला त्या चढता येणार नसतील तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे कंपनी रॅम्पची किंवा उचलून नेणाऱ्या खुर्चीची सोय ठेवते. नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हटलं की ती विमानाच्या पायथ्यापर्यंतच येते. जागा मागच्या रांगांतली मागा. पुढच्या रांगेतली जागा मिळाली तर दारापासून सगळी गल्ली चालत जावी लागेल.

मुंबईच्या त्या चार तासांत आईला दर तासाला उठवून थोडं चालवा, पाणी पाजत राहा, आणि गुडघ्याची गोळी व पट्टा चेक-इनच्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.